धुराचा जमाखर्च

सशाच्या विष्ठेतून मिळालेला आणि १९९४ साली शास्त्रीय नोंद झालेला एक जीवाणू आज पोलाद कारखान्यांत कामाला लागला आहे. क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम हे त्याचे नाव. भट्टीतून निघणारा वायू बंद टाकीतील पाण्यात सोडला, की हा जीवाणू त्यातील कार्बन ग्रहण करून इथेनॉल निर्माण करतो. चीनच्या हेबेई प्रांतात २०१८ साली असा पहिला व्यापारी प्रकल्प सुरू झाला. पुढे बेल्जियममधील गेंट येथेही उभा राहिला.

टाकाऊ वस्तूला मोल येणे व्यापारी मनाला सुखावते. तथापि वहीच्या दोन्ही बाजू वाचाव्यात. भट्टीच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडमध्ये ऊर्जा शिल्लक असते. कार्बन डायऑक्साइड मात्र जणू जळून उरलेली राख. तिचे इंधन करायचे तर ऊर्जा बाहेरूनच आणावी लागते. ती हायड्रोजन पुरवतो. ८८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १२ किलो हायड्रोजन दिले, तर जास्तीत जास्त ४६ किलो इथेनॉल व ५४ किलो पाणी मिळते.

हा १२ किलो हायड्रोजन नेहमीच्या पद्धतीने नैसर्गिक वायूपासून केला, तर शंभर किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जमा ८८, तीही इथेनॉल जळेपर्यंतच. आणि देणे शंभरावर! तोच हायड्रोजन सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेने पाण्यापासून मिळवला, तर खाते जुळू शकते.

म्हणून अशा उद्योगात भांडवल गुंतवू पाहणाऱ्याने जीवाणूची कीर्ती ऐकण्यापूर्वी एवढेच विचारावे: हायड्रोजन कोठून येणार?