ओझे, ढकलगाडी आणि बाईचे कोपर



स्त्रीचळवळीने ‘ओझे’ हा शब्द बहुधा मोठ्या अर्थाने वापरला. घरकामाचे ओझे, दुहेरी ओझे, रूढींचे ओझे. या वेळी मला किलोत मोजता येणाऱ्या ओझ्याविषयी लिहायचे आहे, आणि तेही एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने. गोदामात माल हलवायला जी चारचाकी ढकलगाडी असते, तिच्या बाजूंना लावायच्या फळ्या. त्या कायमच्या वेल्डिंग केलेल्या असाव्यात, की काढता-घालता येणाऱ्या? हा प्रश्न स्त्रियांच्या मासिकात कशासाठी, असे कोणाला वाटेल. मला तो इथेच विचारायला हवा असे वाटते.

जव्हार तालुक्यातले दाभोसा हे गाव बाहेरच्यांना धबधब्यासाठी माहीत आहे. पावसाळ्यात गाड्या भरून माणसे येतात, फोटो काढतात आणि परत जातात. भात, नागली, वरईची कामे आटोपली की याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून माणसे उलट्या दिशेने बाहेर पडतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेती-खडीच्या कामावर. भिवंडी, वसई, कल्याण ही नावे इथल्या बायकांच्या बोलण्यात माहेर-सासरच्या गावांसारखी येतात. भिवंडीच्या आसपास गोदामांचे जाळे पसरल्यापासून काही तरुण मुली आणि बायका तिकडेही जाऊ लागल्या आहेत. माल वेगळा करणे, खोकी भरणे, गाडीवर चढवणे, ट्रकपर्यंत नेणे अशी कामे. हजेरी ठेकेदाराकडे, कामाचे नाव ‘हेल्पर’.

दाभोसा परिसरातल्या अशा काही जणींशी बोलत असताना मी नेहमीचे प्रश्न विचारत होते. मजुरी किती, सुट्टी मिळते का, संडासाची सोय आहे का. त्यांनी उत्तरे दिली, पण बोलणे पुन्हा पुन्हा गाडीवर येत राहिले. एक जण म्हणाली, “ताई, गाडीला कड नसली तर खोकी घसरतात, आणि पैसे आमचे कापतात. कड असली तर कमरेत वाकून पार तळाला हात घालायला लागतो. मग सांगा, काय करायचं?” दुसरीने पदर बाजूला करून पोटावरचा आडवा काळा वळ दाखवला. गाडीच्या लोखंडी कडेवर रोज रेलून तो पडला होता.

या वळामागचे गणित समजून घेऊ या. गाडीचा पाटा जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर उंच आहे आणि त्यावर ६० सेंटिमीटरची कड कायमची जोडलेली आहे असे धरा. प्रत्येक खोके आधी ८५ सेंटिमीटरच्या वर उचलायचे, कडेवरून पलीकडे न्यायचे आणि मग हात लांब करून खाली ठेवायचे. ओझे अंगाला लागून असले की कण्यावर येणारा भार कमी असतो. तेच ओझे अंगापासून दुप्पट अंतरावर धरले तर त्याचा कमरेवरचा ताण दुप्पट होतो. मध्ये कड आल्यामुळे बाईला जवळ जाताच येत नाही. समजा एका पाळीत १५ किलोची २०० खोकी हलवली, तर ते तीन टन झाले. चढवणे आणि उतरवणे दोन्ही धरले तर सहा टन. गर्भार बाई असो, नुकती बाळंतीण असो की अंग बाहेर आलेली असो, गाडी तीच.

कड काढता आली तर हे बरेचसे टळते. ज्या बाजूने भरायचे त्या बाजूची फळी काढायची, पाट्याजवळ उभे राहायचे, माल आत सरकवायचा आणि शेवटी फळी परत बसवायची. यात फार मोठे शास्त्र नाही. पाट्याच्या चारी कडांना चौकोनी पाइपचे तुकडे खोबणीसारखे जोडायचे, फळीचे पाय त्यात उतरवायचे आणि खिळ घालायची. आपल्याकडे शेणखत वाहायचे असले की बैलगाडीला तट्ट्या लावत आणि काम झाले की काढून ठेवत. ट्रकचा फाळका रोज उघडतो आणि बंद होतो. म्हणजे कल्पना जुनीच आहे. ती गोदामातल्या बाईच्या गाडीपर्यंत का पोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

आणि नुसती ‘काढता येणारी’ म्हणून भागत नाही. कोणाला काढता येणारी, हेही विचारायला हवे. १.२ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच फळी दोन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची केली तर ती एकटीच सुमारे ११ किलोची होते. दिवसातून चाळीस वेळा ती काढायची-घालायची म्हणजे नवे ओझेच झाले. तीच १२ मिलिमीटरच्या प्लायवूडची केली तर पाच-सहा किलोंत बसते. हलक्या पाइपच्या चौकटीत जाळी बसवली तरी वजन आवरते आणि आतला मालही दिसतो. फळीला धरायला मूठ हवी, नाही तर बोटे खोबणीत चिमटतात. खिळ साखळीने गाडीलाच बांधलेली हवी, कारण सुटी खिळ दोन दिवसांत हरवते. मग कोणीतरी तिथे तार गुंडाळते, आणि तारेने हात फाटतो तो बाईचा.

आता उंची पाहा. आपल्या देशातल्या प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. तिचे कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येते. ढकलायचा दांडा कोपराच्या आसपास किंवा किंचित खाली असला तर जोर अंगातून जातो. तो पावणेसहा फुटी पुरुषाच्या मापाने ११० सेंटिमीटरवर बसवला की खांदे वर चढतात आणि सगळा जोर मनगटांवर येतो. तिचे डोळे १४० सेंटिमीटरवर असतात. फळ्या आणि माल त्यापेक्षा उंच गेले तर ती आंधळेपणाने ढकलत राहते, आणि अपघात झाला की ‘बायकांना गाडी नीट चालवता येत नाही’ हे ऐकायचेही तिनेच.

म्हणून मी म्हणते की अवजार कधी तटस्थ नसते. आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणाचे तरी शरीर असते. आजवर ते बहुतेक वेळा पुरुषाचे होते, तेही धडधाकट आणि पोटभर जेवलेल्या पुरुषाचे.

कायद्याने ओझ्याचा विचार केलेला नाही असे नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३४ने, इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणालाही उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावण्यास मनाई केली होती. त्याखालच्या नमुना नियमांत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो अशी कमाल मर्यादा होती. या मर्यादेचा एक अनुभव कष्टकरी बायकांना चांगला ठाऊक आहे. मालक सरळ सांगतो, ‘बाईला जड उचलता येत नाही, म्हणून मजुरी कमी.’ संरक्षणाचा नियम मजुरी कापण्याचे निमित्त होतो. तीच बाई पहाटे डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर एक कळशी घेऊन चढण चढते, तेव्हा तीस किलोचा नियम कोणाला आठवत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते, आणि त्यांच्या संमतीने संध्याकाळी सातनंतर व सकाळी सहाच्या आधीही काम देता येते. कामाचे दरवाजे बंद ठेवून स्त्रियांचे भले होत नाही, हे आपण पूर्वीपासून म्हणत आलो. तेव्हा या बदलाला केवळ नाक मुरडून चालणार नाही. पण दरवाजा उघडला आणि आतली गाडी, दांडा, फळी, पाळी सगळे जुन्याच मापाचे राहिले, तर ही समानता बाईच्या कमरेवरून जाईल. ठेकेदाराच्या हातात हजेरी असलेल्या मुलीची ‘संमती’ म्हणजे काय, हेही आपल्याला विचारत राहावे लागेल.

ओझे मोजण्याची भाषा या भागाला नवी नाही. १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातले वारली किसान सभेच्या झेंड्याखाली उठले, तेव्हा गोदावरी परुळेकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी मागितलेला दर नेमका होता: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ‘योग्य मजुरी द्या’ असे मोघम म्हणण्यापेक्षा वजन आणि दर एकत्र बांधल्यामुळे सावकाराला पळवाट उरली नाही. अहमदाबादेत १९७१-७२च्या सुमारास कापडबाजारात डोक्यावरून गाठोडी वाहणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या बायका इला भट्ट यांच्याकडे आल्या, आणि त्यातूनच ‘सेवा’ ही संघटना उभी राहिली. आम्ही यांना रास्त दर देतो, असा दावा व्यापाऱ्यांनी वर्तमानपत्रात केला, तेव्हा बायकांनी तोच दावा कार्डांवर छापून घेतला आणि त्याच दरांसाठी व्यापाऱ्यांना धरले. पुण्यात १९९३मध्ये कचरावेचक बायका कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. पुढे त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पाठीवरच्या पोत्याच्या जागी त्यांच्या हातात ढकलगाडी आली. पोते पाठीवर घेतलेल्या बाईकडे लोक संशयाने पाहत. गाडी, ओळखपत्र आणि ठरलेली वस्ती मिळाली की तिच्याकडे कामगार म्हणून पाहावे लागते. चाकांमुळे पाठ वाचते, आणि मानही थोडा वाढतो.

पण चाकांबरोबर एक धोकाही येतो. हाताने भात कांडणारी बाई होती, गिरणी आली आणि गिरणीवर पुरुष बसला. डोक्यावर घमेले होते तोवर काम बाईचे. यंत्र आले की चालक पुरुष, आणि बाई एक तर घरी नाही तर झाडलोटीला. म्हणून चांगल्या गाडीची मागणी करताना, ती गाडी चालवण्याचे काम आणि त्या कामाचा दर बाईकडे राहील, ही मागणीही तिला जोडलेली असली पाहिजे. नाही तर गाडी सुधारेल आणि ज्यांच्यासाठी सुधारली त्याच बाहेर फेकल्या जातील.

चाकाची दुसरी अट रस्ता आहे. पाण्यासाठी गडगडत नेता येणारे ४५-५० लिटरचे ड्रम अनेक गावांत वाटले गेले. सपाट वाटेवर ते उपयोगी पडतात, यात शंका नाही. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डोंगरउतारावर ५० किलोचा ड्रम हातातून सुटला तर तो बाईला ओढून नेईल. जव्हारला पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ऑगस्ट २०२२मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला चादरीच्या झोळीतून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले, कारण वाहन जाईल असा रस्ता नव्हता. जिथे रुग्णवाहिकेचे चाक पोचत नाही तिथे कुठल्या गाडीच्या गोष्टी करायच्या? तरीही कराव्या लागतील. रस्ता, नळ आणि गाडी या तिन्ही मागण्या एकाच बाईच्या आहेत. एकीची लाज बाळगून दुसरी करायची गरज नाही.

२०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. गोदामातून परतलेली बाई याच २८९ मिनिटांत पुन्हा उभी राहते. तिची कमर गाडीच्या कडेवर वाचली, तर ती तिच्या स्वतःच्या आयुष्यासाठी वाचते.

आपल्या गटांनी या तिमाहीत काय करावे, याविषयी माझ्या काही सूचना आहेत. बैठकीत एक तराजू आणि एक शिंप्याची टेप ठेवा. प्रत्येकीने आपले रोजचे ओझे तोलावे: हंडा, मोळी, घमेले, खोके. भिंतीला टेकून कोपराची आणि डोळ्यांची उंची मोजावी, वहीत लिहावी. ज्या गोदामात, बाजार समितीत, भट्टीवर किंवा बचतगटाच्या केंद्रात आपल्या बायका गाडी ढकलतात, तिथल्या गाडीचा दांडा, कड, चाक यांची मापे त्याच पानावर लिहावीत. दोन्ही आकडे शेजारी आले की भाषणाची गरज फारशी उरत नाही. मग जवळच्या आयटीआयमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात जाऊन एक गाडी करवून घ्या. तिच्या फळ्या बांबूच्या विणून पाहा. टोपली विणणारे हात आपल्या पाड्यांवर आहेत, त्यांना ते सहज जमेल. ती गाडी महिनाभर वापरणाऱ्या बायकांनीच तिला पास किंवा नापास करावे. आणि नवी गाडी खरेदी करताना ती वापरणारी बाई खरेदीच्या वेळी हजर असेल, ही अट मालकाकडे, ठेकेदाराकडे आणि सरकारी कार्यालयातही लेखी घाला.

मापांची पाने आमच्याकडे पाठवा. नावे नकोत, फक्त काम, तालुका आणि आकडे पुरेत. पुढच्या अंकात ती एकत्र छापू, म्हणजे गोदामाच्या फाटकाशी बोलायला जाताना प्रत्येकीच्या हातात ती असतील.