परत येणाऱ्याला जागा कोण देणार?

२०२५ च्या सप्टेंबरातला तो शनिवार-रविवार आपल्यापैकी अनेक घरांत फोनवरच गेला. १९ तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला आणि तो दोन दिवसांत लागू होणार असे कळले. रविवारी सर्वपित्री अमावास्या, सोमवारी घट बसायचे. सुट्टीवर आलेली मुले नवरात्र सोडून मिळेल त्या विमानाने निघाली आणि तिकडची मुले इकडची तिकिटे रद्द करून बसली. पुढे खुलासा आला की शुल्क नव्या अर्जांना आहे, नूतनीकरणाला नाही. धावपळ थांबली. पण एरवी कोणी तोंडावर न आणणारा एक प्रश्न त्या दोन दिवसांत बऱ्याच घरांत विचारून झाला होता: "आई, आम्ही परतच आलो तर?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक, "ये की, घर तुझंच आहे." दुसरे, "आता एवढी वर्षं काढलीस, आणखी थोडी काढ." दोन्ही प्रेमापोटीच दिली जातात. पण दोन्हींत आपण असे धरून चालतो की निर्णय सर्वस्वी त्यांचा, आपण फक्त दार उघडायचे. आम्हाला तसे वाटत नाही. परत यायचे हे तिकडे ठरते. ते निभते की फसते, हे मात्र इथे ठरते. याचा अनुभव बडोद्याइतका थोड्याच गावांच्या गाठीशी असेल.

बाहेरची दारे

आधी बाहेरची परिस्थिती पाहू. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर दर वर्षी सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि त्यांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. भारतीयांची रांग यामुळे वाढत गेली. रांगेत असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मुले २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून सहसा बाहेर पडतात. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झटपट परवान्याची योजनाही बंद केली. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा काढून घेतली.

म्हणजे "परत येणे" हा एकच प्रकार राहिलेला नाही. कर्ज काढून शिकायला गेलेल्या आणि परवाना संपल्यामुळे येणाऱ्या मुलाचे परतणे वेगळे. चाळिशीत, शाळकरी मुले आणि म्हातारे आईवडील यांच्या मध्ये उभ्या असलेल्या जोडप्याचे वेगळे. निवृत्तीनंतर "आता आपल्या माणसांत" म्हणून येणाऱ्यांचे आणखी वेगळे. पहिल्याला निर्णय घ्यायला वावच नसतो, दुसऱ्यांना तो रोज नव्याने घ्यावा लागतो. आपण मात्र तिघांनाही एकच प्रश्न विचारतो: "का रे, काय झालं?"

बडोद्यात परतलेले दोघे

परदेशातून शिकून आलेल्या माणसांना बोलावून कामाला लावायचे, हे धोरण महाराजा सयाजीराव गायकवाडांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच अवलंबिले होते. त्यातली दोन उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवण्यासारखी आहेत.

पहिले अरविंद घोष यांचे. सातव्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि चौदा वर्षांनी, फेब्रुवारी १८९३ मध्ये, बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी परतले. मातृभाषा बंगालीही त्यांना धड येत नव्हती. बडोदे तर त्यांचे गावही नव्हे. तरी ते इथे १९०६ पर्यंत राहिले. आधी महसूल आणि इतर खात्यांत काम केले, मग बडोदे कॉलेजात शिकवले. बंगाली आणि संस्कृत इथेच शिकले, मराठी-गुजरातीही शिकले. त्यातला बराच काळ ते खासेराव जाधव या मराठी अधिकाऱ्याच्या घरी राहिले. दांडिया बाजारातल्या अरविंद निवासासमोरून आपण रोज जातो, पण एका मराठी घराने परदेशातून आलेल्या बंगाली तरुणाला आपल्यात सामावून घेतले होते, हे आपल्या लक्षात क्वचितच येते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. कोलंबिया विद्यापीठ आणि मग लंडन असे शिक्षण करून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट ठेवून, ते ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला उतरले आणि कराराप्रमाणे सप्टेंबरात बडोद्याला आले. नोकरी ठरलेली होती, महाराजांचा पाठिंबा होता, आणि त्यांच्याइतकी पदवी त्या काळी फार थोड्यांजवळ होती. फक्त राहायला जागा नव्हती. अस्पृश्याला घर देणार कोण?

पुढची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. दिवसा कचेरीत काम आणि रात्री त्या मोठ्या, अंधाऱ्या दालनात एकट्याने वाचन. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण सांगून नकार दिला. शेवटी ते कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. दहा वर्षांचा करार असा दोन आठवड्यांच्या आत निष्फळ ठरला.

आज नोकरी गेलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची अडचण आणि १९१७ चा तो अपमान यांची तुलना होऊ शकत नाही, आणि आम्ही ती करतही नाही. जातीने दार बंद करणे हा अन्याय होता, निव्वळ गैरसोय नव्हे. भाड्याने घर देताना आडनाव आणि ताटातले अन्न विचारण्याची सवय आपल्या सोसायट्यांतून अजून गेलेली नाही, हेही इथेच कबूल करायला हवे. पण या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. राजाने बोलावले, खजिन्याने पैसे दिले, करारावर सही झाली, तरी तेवढ्याने माणूस परत येत नाही. त्याला एक खासेराव लागतो. एकाला तो मिळाला. दुसऱ्याला मिळाला नाही, आणि का मिळाला नाही हे आपल्याला ठाऊक आहे. संस्थान आपले काम करून मोकळे झाले, शहर मात्र कमी पडले. त्या शहरात आपले पूर्वजही होते.

आजच्या जागेचा हिशेब

आज परत येणाऱ्याला नेमके काय काय लागते?

पहिली गोष्ट पैशाची, कारण इथे भावनेच्या भरात चुका होतात. दीर्घकाळ बाहेर राहून परतलेल्याला आयकर कायदा काही काळ 'रहिवासी, पण सामान्य रहिवासी नव्हे' असा दर्जा देतो. मागील दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्याला किंवा मागील सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवसांहून जास्त न राहिलेल्याला तो मिळतो, आणि त्या काळात बाहेरच्या बहुतेक उत्पन्नावर इथे कर लागत नाही. म्हणून आर्थिक वर्षाच्या कोणत्या महिन्यात विमानात बसायचे यालाही महत्त्व आहे. परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही, बँकेला कळवून ते बदलून घ्यावे लागते. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना इथे राहूनही तिकडचे विवरणपत्र भरावेच लागते.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षेत निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षांच्या नोकरीनंतर मिळतो, आणि दोन्हीकडची वर्षे एकत्र धरण्याचा करार भारताचा अमेरिकेशी झालेला नाही. कॅनडाशी तो २०१५ पासून आहे, ऑस्ट्रेलियाशी २०१६ पासून. अमेरिकेत नऊ वर्षे नोकरी करून "आता बस झालं" म्हणणाऱ्या मुलाला हे सांगणारे घरात कोणी असेल, तर तो कदाचित एक वर्ष थांबेल. "लवकर ये" यापेक्षा हा सल्ला जास्त मायेचा आहे.

तिसरी गोष्ट मुलांची. तिकडे जन्मलेल्या नातवंडांकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असते. त्यावर राहता, शिकता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यात भाषेचा प्रश्न. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे बंधनकारक झाले. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला शाळेत इंग्रजी, शिवाय गुजराती आणि हिंदी, आणि घरी आजीशी मराठी. आपण चार भाषांत वाढलो त्याचे आपल्याला कौतुक वाटते. पण आपण त्या अंगणात खेळता खेळता उचलल्या. याला त्या पहिल्याच सत्रात, परीक्षेसाठी उचलायच्या आहेत.

चौथी गोष्ट कामाची, आणि इथे स्वतःची फसवणूक करून चालणार नाही. कोयलीची रिफायनरी, खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने, औषधनिर्मिती यांनी आपल्या दोन पिढ्या पोसल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखानाही इथे सुरू झाला. ५६ पैकी ४० विमाने इथे तयार व्हायची आहेत. यंत्र, रसायन आणि विमान क्षेत्रातल्या माणसाला बडोदे आज बोलावू शकते. संगणक क्षेत्रातल्या बहुतेकांना मात्र पुणे, बंगळूर नाहीतर हैदराबादच गाठावे लागते. "मुलगा परत आला" असे आपण सांगतो, तेव्हा पुष्कळदा तो पुण्याला आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. रात्रीच्या गाडीने सकाळी दारात येता येईल इतक्या अंतरावर मूल असणे, हेही आईवडिलांना थोडे नाही.

तसे पाहिले तर "घर" या शब्दाबाबत आपणही हट्ट धरू नये. आपले पणजोबा कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून इथे आले. खुद्द सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली गादीवर आले. त्यांच्यापैकी परत फारसे कोणी गेले नाही, कारण या गावाने त्यांना जागा दिली. मुलांनी तिकडेच राहायचे ठरवले, तर तेही आपल्याच वळणावर गेलेले असतील. परत येणे हे मातृभक्तीचे प्रमाणपत्र नव्हे आणि न येणे हा गुन्हा नव्हे.

आपल्या हातात काय आहे

सरकारी योजना सरकार पाहील. संशोधकांना परत आणण्यासाठी रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप आणि रामानुजन फेलोशिप यांसारख्या वाटा आहेत, त्यांची माहिती संबंधितांनी जरूर घ्यावी. पण खासेराव होण्यासाठी सरकार लागत नाही.

वाडी, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत आपली कित्येक घरे वर्षातले अकरा महिने कुलपात असतात. परतलेल्या कुटुंबाला त्यांतले एखादे सहा महिने राहायला दिले, तर घाईत घर विकत घेण्याची मोठी चूक टळेल. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आणि सनदी लेखापाल आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ ते अशा कुटुंबांसाठी देऊ शकतात. निवृत्त शिक्षिका मुलांना पहिले सत्र गुजराती शिकवू शकतात. कारखान्यांत वरच्या जागांवर असलेल्यांनी, मध्ये दोन वर्षांचा खंड दिसला म्हणून अर्ज बाजूला ठेवू नये. आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी कुठवर चढले होते, हे घर शोधणाऱ्याला दलालाच्या आधी आपण सांगावे.

सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड काम जिभेचे आहे. कर्ज डोक्यावर घेऊन परतलेल्या पोराला लग्नकार्यात, गरब्यात, शेव-उसळीच्या गाडीवर "काय झालं, जमलं नाही का?" असे विचारायचे नाही. त्याच्या आईलाही नाही. या एका प्रश्नाच्या धाकाने किती मुले तिकडे नको तेवढे दिवस, नको त्या अवस्थेत काढत असतील, याचा विचार करावा. त्याऐवजी "कधी आलास? जेवायला कधी येतोस?" एवढे पुरे.

सयाजीबागेजवळ ज्या वडाखाली बाबासाहेब बसले होते, त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे दुरून माणसे येतात. आपण बागेत फिरायला जातो, मुलांना घेऊन जातो. पुढच्या वेळी त्या जागी क्षणभर थांबू या. ज्याला या गावाने स्वतः शिकायला पाठवले, स्वतः परत बोलावले, त्याला एका रात्रीची जागा इथल्या एकाही घराने दिली नाही. म्हणून पुन्हा फोन वाजेल आणि "आम्ही परत आलो तर?" असे कोणी विचारेल, तेव्हा "ये" म्हणण्याआधी आपल्या घरातली कोणती खोली रिकामी करता येईल, ते बघून ठेवू या.