परसातला मुळा

देवगाव फाट्यावर शेतकरीच मुळ्याची जुडी विकत घेताना दिसला, की माझं टाळकं सरकतं. घरी काळी जमीन, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसता कापूस नि सोयाबीन. विचारलं तर म्हणतो, "भाजीपाला परवडत नाही." अरे, काय परवडत नाही? माझी माय मोरीच्या पाण्यावर परसात मुळा लावायची. आधी पाल्याची भाजी, दीड महिन्यात मुळे. दोन-चार न उपटता ठेवले की डिंगऱ्या, अन् त्यांतूनच पुढच्या सालाचं बी. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पण वाफाभर मुळ्याला विद्यापीठ लागत नाही, लाज लागते. कापसाचा भाव आपल्या हातात नाही. ताटातली भाजी तर आहे ना!