‘नाइस’ची उलटी वाटचाल

नातवाने काढलेले चित्र ‘नाइस’, सुनेने नेसलेले लुगडे ‘नाइस’, सणाचे श्रीखंड ‘नाइस’ आणि सभेतले व्याख्यानही ‘नाइस’! मध्यमवर्गीय मराठी घरांत हे इंग्रजी विशेषण इतके रुळले आहे की, त्याचे कूळ विचारावे असे कुणाला वाटत नाही. ते विचारले, तर मात्र मौज वाटते.

हा शब्द लॅटिन ‘नेस्कियस’पासून आला. त्यातील ‘ने’ म्हणजे ‘न’ आणि ‘स्कीरे’ म्हणजे ‘जाणणे’. अर्थात, जो जाणत नाही तो. आपल्या भाषेत ‘अज्ञ’. याच ‘स्कीरे’पासून ‘सायन्स’ निघाला, हा आणखी एक योगायोग. जुन्या फ्रेंचमधून सुमारे १३०० साली ‘नाइस’ इंग्रजीत शिरला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो ‘नखरेल’, ‘चोखंदळ’, ‘नाजूक’ अशी वळणे घेत ‘सूक्ष्म’, ‘काटेकोर’ येथवर पोहोचला. सूक्ष्म भेदाला इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात. ‘सुखद’, ‘चांगला’ हा अर्थ प्रचारात आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘सिली’चा प्रवास नेमका उलट झाला. मूळचा ‘भाग्यवान, धन्य’ असलेला हा शब्द ‘निष्पाप’, ‘बिचारा’ असे उतरत अखेर ‘खुळा’ झाला.

लॅटिन ‘ने’ आणि संस्कृत ‘न’ यांचे नाते खरे आहे. परंतु तेवढ्यावरून ‘नाइस’ला संस्कृतोद्भव ठरविण्याचा उत्साह आपण आवरलेला बरा. ते नाते बहिणींचे आहे, मायलेकींचे नव्हे. आपल्या भाषेचा अभिमान सत्यावरच उभा राहिला पाहिजे. शिवाय अर्थांतराचे नवल आपल्यालाही नवे नाही. ऋग्वेदात वरुणाला गौरवाने लावलेला ‘असुर’ पुढे दैत्यवाचक झाला. धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याला ‘साहस’ म्हटले आहे, आज आपण साहसाबद्दल पारितोषिके देतो. शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती नव्हे, वापर ठरवितो.

आणि येथेच खरी चिंता आहे. ‘नाइस’ परका आहे, ही तक्रार दुय्यम होय. तो सर्वत्र चालतो, म्हणून काहीच सांगत नाही, ही मुख्य तक्रार. खुद्द इंग्रजांनाही ती जाणवली होती. जेन ऑस्टिन यांच्या ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’ या १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत नायक हेन्री टिल्नी नायिकेची याच शब्दावरून थट्टा करतो. जी गोष्ट इंग्रजी लेखिकेला आपल्या भाषेत खटकली, ती आपण कौतुकाने उसनी घ्यावी, याला काय म्हणावे?

मराठीत घर टुमदार असते, अक्षर वळणदार, बाळ गोंडस, चेहरा रेखीव, थालीपीठ खमंग, भाषण मुद्देसूद आणि संसार नेटका. यातील प्रत्येक शब्दामागे पाहणाऱ्याची वेगळी दृष्टी आहे. वळणदार अक्षर आणि गिचमिड अक्षर यांतला फरक ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याला तो दिसेनासाही होतो. अशी विशेषणे पाठ्यपुस्तकातील यादीतून अंगी मुरत नाहीत. आजीच्या, आईच्या तोंडून, त्या त्या वस्तूसमोरच ऐकावी लागतात. एका पिढीने ती उच्चारली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती केवळ शब्दकोशात भेटतील.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सार्थच आहे. पण शासन दर्जा देऊ शकते, विशेषणे देऊ शकत नाही. ती घरातच जपावी लागतात. मुलाने चित्र दाखविले, तर क्षणभर थांबून ते नीट पाहावे आणि त्यातले काय आवडले, ते नेमक्या मराठी शब्दात सांगावे. याला ना अनुदान लागते, ना आंदोलन.