व्हॉल्व्ह बंद म्हणजे लाइन बंद नव्हे

आम्ही कापडाचे व्यापारी. भिवंडीच्या मागावरचा कोरा माल रंगाईला टाकायचा आणि तयार माल बाजारात आणायचा, हा आमचा धंदा. प्रोसेस हाऊसच्या मालकाला आमचा एकच सवाल असतो, "माल कधी देता?" या सवालाची किंमत कधी कधी फिटरला चुकवावी लागते, हे आम्हाला उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी आमचा माल जिगरवर असताना वाफेच्या लाइनचे पॅकिंग गेले. काम थांबू नये म्हणून एकच व्हॉल्व्ह आवळून फिटरने फ्लँज सैल केला. व्हॉल्व्ह आतून झिजलेला होता. त्याचे दोन्ही हात भाजले. आमचा माल मात्र वेळेवर मिळाला.

7 किलो दाबाची वाफ सुमारे 170 अंश सेल्सिअस गरम असते, आणि व्हॉल्व्ह आतून गळतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एका व्हॉल्व्हवर विसंबू नये. दोन व्हॉल्व्ह बंद करून त्यांच्या मधला निचऱ्याचा नळ उघडा ठेवावा. काम मोठे असेल तर फ्लँजमध्ये जाड पोलादी चकती घालून लाइन तोडावी. दाब उतरवावा, साचलेले पाणी काढावे, लाइन थंड होऊ द्यावी. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी-कुलूप लावावे, पाटी अडकवावी आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी.

पाटीचे महत्त्व किती, ते पाहा. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. रात्रपाळीला ते कळले नाही आणि त्यांनी तोच पंप चालू केला. स्फोट आणि आगीत 167 जण दगावले. मोठ्या कंपनीत हे घडते, तर आपल्या शेडमध्ये तोंडी निरोपावर काय भरवसा ठेवावा?

कारखानदारांना दोष देऊन आम्ही सुटत नाही. एक दिवस उशीर झाला की बिलातून पैसे कापणारे आम्हीच. मग बॉयलर बंद करण्याची हिंमत मालकाने कुठून आणावी? व्यापारी बंधूंनो, दुरुस्तीचा एक दिवस सौद्यातच धरा. यापुढे माल कधी मिळेल हे विचारण्याआधी, किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे आम्ही विचारणार आहोत.