वरातीचा घोडा आणि एक ‘टक’

वाघोली हे सरदार पिलाजी जाधवरावांचं गाव, पण आज नगर रस्त्यावर घोडा दिसतो तो बहुधा वरातीचा. मार्गशीर्षातला गारठा, त्यात डीजे, फटाके. आणि बुजलेल्या जनावराला आवरायला लगामाचा हिसका नाहीतर चाबूक. हे मला बघवत नाही, कारण याहून चांगला मार्ग आहे, क्लिकरचा. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी, ‘टक’ वाजणारी डबी. काठीला बांधलेल्या चेंडूला घोड्यानं नाक लावलं की त्याच क्षणी टक आणि लगेच गाजराचा तुकडा. गाजरासाठी खिशात तोंड घालणाऱ्या घोड्याला मात्र मान वळवल्यावरच टक. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली. अलेक्झांड्रा कर्लंड यांनी १९९८ साली घोड्यांसाठी तिच्यावर पुस्तक लिहिलं. ढोलाची सवयही अशीच लावता येते: आधी लांबून, हळू, घोडा शांत उभा राहिला की टक, मग थोडं जवळून. थंडीत मालकाचीच बोटं आखडतात, डबी उशिरा वाजते आणि घोडा भलतंच शिकतो. म्हणून धडा छोटा ठेवावा. घोड्याला थंडी सोसते, चारा पचतानाच अंगात ऊब येते. पण गार पाणी तो कमी पितो आणि त्यातून पोटशूळ उठू शकतो. तेव्हा पाणी कोमट द्यावं, लगामाची लोखंडी कडी तोंडात देण्याआधी तळहातात धरून गरम करावी. वरात ठरवणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी घोडा कसा शिकवलाय ते विचारा, आणि हातात चाबूक दिसला तर सरळ नाही म्हणा.