पटसंख्येच्या तराजूत गावची शाळा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग, असे ठराव तेथे झाले. 'वर्धा योजना' या नावाने ते देशभर पोहोचले. खेड्यातील मुलाचे शिक्षण खेड्यातच, खेड्याच्या जीवनाशी जोडलेले असावे, हा त्या योजनेचा गाभा होता. त्याच वर्धा जिल्ह्यात कारंजा, आष्टी, आर्वी, समुद्रपूर या तालुक्यांतील लहान गावांत आज वेगळाच प्रश्न विचारला जातो : आपली शाळा पुढच्या वर्षी राहील का?

या प्रश्नाला कारण आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या राज्यातील तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. सातपुड्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे पुढे ठेवण्यात आली. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असे शासनातर्फे सांगण्यात आले. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सरकार विचारांनी जवळचे आहे म्हणून त्याच्या निर्णयाची चिकित्सा करू नये, असाही संकेत नाही.

समूहशाळेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. इयत्ता तिसरीत एकटाच विद्यार्थी, चौथीत दोघे, आणि पाच वर्ग सांभाळून शासकीय माहितीचे तक्ते भरणारे एक-दोन शिक्षक, ही स्थिती कोणत्याही मुलाला न्याय देणारी नाही. कबड्डीचा संघ होत नाही, स्पर्धा नाही, वाचनालय नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नेही या दुखण्यावर बोट ठेवले आहे. २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती.

मात्र त्याच धोरणाने सुचविलेला मार्ग कुलपाचा नाही. एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील अंगणवाड्यांसह सर्व लहान शाळा यांचे एक 'संकुल' व्हावे, शिक्षक, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य सर्वांनी वाटून घ्यावे, अशी ती कल्पना आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ती कितीतरी आधी मांडली होती. चित्रकलेचा वा खेळाचा शिक्षक आठवड्यातून एकदा गावात येणे आणि सहा वर्षांच्या मुलीने रोज गाव सोडून जाणे, यांत फार अंतर आहे.

अंतराचाच विचार करू. नकाशावर तीन किलोमीटर दिसणारा रस्ता श्रावणात नाल्याला पूर आला की तीन किलोमीटरचा राहत नाही. बोर अभयारण्याच्या बाजूला तर पाऊलवाट जंगलाला लागून जाते; तेथे संध्याकाळी मूल एकटे येणार म्हटले की आईचा जीव टांगणीला लागतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम आहे. वाहन देऊ, असे सांगितले जाते. मग ते आधी द्यावे. दोन पावसाळे ती गाडी नियमित धावू द्यावी आणि त्यानंतर गावाला विचारावे. बस आधी, कुलूप नंतर, एवढा साधा क्रम पाळला तरी निम्मा विरोध मावळेल.

आणि या शाळांत उरले आहे कोण? ज्यांची ऐपत होती त्यांची मुले केव्हाच सकाळच्या पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. उरली ती शेतमजुराची, कोरडवाहू कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्याची मुले. कुटुंबे लहान झाली, माणसे कामासाठी बाहेर गेली, हे खरेच. पण पट घसरण्यामागे सुस्थित वर्गाने फिरविलेली पाठही आहे. मातृभाषेवर व्याख्यान ऐकून घरी परतणाऱ्या कुटुंबांनी हा हिशेब स्वतःशी मांडावा. तो गैरसोयीचा आहे.

प्रश्नाचे मूळ मात्र आणखी खोल आहे. ज्यांचे अखेरचे दिवस सेवाग्रामला गेले आणि २००६ मध्ये तेथेच ज्यांचे निधन झाले, त्या धर्मपालांनी इंग्रजांच्याच कागदपत्रांतून एक चित्र उभे केले. थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये मद्रास इलाख्यातील देशी शाळांची पाहणी करविली. तिचे अहवाल धर्मपालांनी 'द ब्यूटिफुल ट्री' या १९८३ च्या ग्रंथात प्रसिद्ध केले. गावोगाव शाळा होत्या आणि त्या स्थानिक आधारावर चालत. पुढे महसूल वरती गेला, तसा हा आधार तुटला. शाळा सरकारची झाली. जी सरकारने दिली, ती सरकार काढून घेणार, हे ओघानेच आले.

आज कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. ज्या गावात मंदिराच्या जीर्णोद्धाराला चार दिवसांत वर्गणी जमते, तेथे शाळेची गळकी कौले जिल्हा परिषदेची वाट पाहतात. देशातील वनवासी व दुर्गम भागांत एकल विद्यालये एका आचार्याच्या भरवशावर रोज दोन-तीन तास चालतात. ती पूर्ण शाळेला पर्याय नाहीत, तसा दावाही नाही. पण गावातीलच शिकलेला तरुण किंवा सून संध्याकाळी मुलांना घेऊन बसू शकते, हे त्यांनी दाखविले आहे.

तेव्हा समूहशाळा सहावीपासून पुढे करावी, पहिली ते पाचवी गावातच राहावी, आणि त्यातही ज्या गावात दोन-तीनच मुले उरली आहेत तेथील निर्णय पालकांच्या संमतीने घ्यावा. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जूनपूर्वी अशा प्रत्येक गावात एकदा जाऊन यावे : किती मुले, कोणता रस्ता, वाटेत नाला किती, समितीची शेवटची बैठक कधी झाली. ही माहिती सध्या कोणत्याही तक्त्यात नाही, आणि ग्रामसभेत ठराव मांडताना नेमकी तीच विचारली जाणार आहे.